वरचं भोक

टब आमचा नाही. म्हणजे आता आमचाच,
पण बसवून घेतला कॅप्टन कुरियननं,
सीवूड्सच्या या तिसऱ्या मजल्यावर.
तीस वर्षं बोटीवर वीतभर शॉवरखाली काढल्यावर
त्याला म्हणे एकदा आडवं पडून अंघोळ करायची होती.
आम्ही टबात बादली ठेवतो,
बादलीत मग,
आणि उभ्याउभ्या उरकतो, अकरा वर्षं.
श्रीरंग म्हणतो, फोडून टाकू.
दर दिवाळीला म्हणतो.

सोमवारपासून पाणी हलेना.
घोट्याएवढं, करडं, साबणाचं.
रात्रीतून बोटभर उतरायचं,
सकाळी टबाच्या अंगावर रेघ,
ओहोटीनंतर खाडीच्या पुलाच्या खांबावर राहते तशी.

सोडा घातला, वर व्हिनेगर.
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं फसफसलं
आणि चहा मिळाल्यासारखं गप्प झालं.
हँगर सरळ करून आत घातला,
तो वाकडा होऊन परत आला.
मग लाकडी दांड्याचा रबरी पंप आणला, एकशे ऐंशी रुपये.
दाबला, ओढला, दाबला.
श्रीरंग दारात उभा: असं नाही गं, असं.
कसं, ते हातानं दाखवलं. हवेत.

आमचा प्लंबर बेहेरा गावी गेलेला, ओडिशाला,
भाताच्या लावणीला.
व्हिडिओ कॉल लावला.
पडद्यावर आधी आभाळ, मग बैलाचं एक शिंग,
मग बेहेरा,
पोटऱ्यांपर्यंत पाण्यात.

दाखवा भाभी, म्हणाला.
मी फोन टबावर धरला, दवाखान्यात मूल धरावं तसा.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
तिकडे कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं.
मग म्हणाला, वरती गोल झाकण आहे ना, त्याच्यामागे भोक आहे.
आधी ते बंद करा. ओला फडका कोंबा.
नाहीतर तुमचा सगळा ताकद
वरूनच निघून जातो.

मी श्रीरंगकडे बघितलं नाही.
बघायची गरज नव्हती.
या घरात एवढी वर्षं
सगळा जोर वरच्याच भोकातून गेलाय,
आणि त्यातला निम्मा माझा.

झाकणाचे दोन स्क्रू काढले, नाण्यानं.
फडका म्हणून त्याचा बनियन दिला,
तर तो राहीना जागेवर, सारखा बाहेर यायचा.
शेवटी श्रीरंगनं लेंगा वर खोचला,
दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून
कठड्यापलीकडे ठेवला, मग दुसरा पाय,
आणि बनियनवर तळवा दाबून बसला, पाण्यातच.
अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका टबात.
कपड्यांसकट.
बेहेरानं तिकडे हळूच
कॅमेरा शेताकडे वळवला.

एक, दोन. तिसऱ्याला दांडा हातातून निसटला.
सहाव्याला खालून कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज,
आणि आलं ते वर:
खोबरेलात मुरलेला केसांचा दोर,
माझा मेंदीतला, त्याचा पांढरा,
आणि एक लांब कुरळा, आमच्यापैकी कुणाचाच नाही.
कॅप्टनची बायको चार महिनेच राहिली इथे, असं खालचे म्हणतात.
मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला. वेगळा.

गेलं का? बेहेरानं विचारलं.
जातंय.
चांगलं. इथे उलटा आहे भाभी,
इथे पाणी गेला तर मी मेला.
त्यानं वाकून बांधावर चिखलाची एक ढेकळी थापली
आणि रेंज गेली.

हात काढ आता, मी श्रीरंगला म्हटलं.
थांब, म्हणाला, पूर्ण जाऊ दे.
मग मीही कठड्यावर टेकले.
पाणी त्याच्या कमरेवरून उतरलं, मांड्यांवरून,
शेवटी जाळीपाशी रुपयाएवढा एक भोवरा
फिरत राहिला, फिरत राहिला, संपला.
त्यानंतरही तो थोडा वेळ तसाच बसून होता,
भिंतीवर हात ठेवून, पाय लांब करून.

बरा आहे तसा, म्हणाला.
काय?
काही नाही.

दिवाळीला अजून तीन महिने आहेत.